पॅथॉलॉजीचा मोफत स्लाइड-संच: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

काम ठरलं: सेकंड एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलसाठी ४० डिजिटल स्लाइड्सचा संच. अटी तीन. संच इंटरनेटशिवाय, पेनड्राइव्हवरून चालला पाहिजे. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर अडखळता कामा नये. आणि कॉपी करायची परवानगी नसलेलं एकही चित्र त्यात नको. जे फक्त बघायला मोफत आहे त्याचे दुवे वेगळ्या यादीत.

गरज नेमकी कुठे आहे तेही लिहून ठेवू. प्रॅक्टिकलच्या तासाला एका मायक्रोस्कोपमागे तीन-चार मुलं असतात. स्लाइड आधीच फोकस केलेली असते, डोळा लावला की ‘दिसलं’ म्हणून पुढचा येतो. मग जर्नलमधली गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींची आकृती पुस्तकातल्या आकृतीवरून उतरते. स्लाइड स्वतः सरकवणं, लो पॉवरवर (कमी झूमवर) भटकणं, चुकीच्या जागी जाऊन परत येणं हा सराव कुणालाच मिळत नाही. म्हणून निवडक फोटोंचा अल्बम करायचा नाही, पूर्ण स्कॅन केलेली स्लाइडच द्यायची.

५ जून

मोफत साधनांची पाहणी. नावं भरपूर आहेत, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळा, आणि हे न सांगता नुसती यादी हातात दिली तर मुलं पहिल्याच साइटवर हरवतात.

वेबपाथ: डॉ. एडवर्ड क्लाट यांचं, युटा विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयाकडे असलेलं. एमबीबीएससाठी सुरुवात इथूनच. ग्रॉस (नुसत्या डोळ्यांना दिसणारा अवयव) आणि मायक्रोस्कोपी शेजारी-शेजारी, प्रत्येक चित्राखाली दोन-चार ओळी, वर सरावाचे प्रश्न. चित्रं स्थिर आहेत, सरकवता येत नाहीत.

पॅथॉलॉजी आउटलाइन्स: २००१ पासून चालू, लॉगिन लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उत्तम. सेकंड एमबीबीएसच्या मुलाने थायरॉइडचं पान उघडलं तर खास प्रथिनं दाखवणारे इम्युनोस्टेन आणि जनुकांतली म्युटेशन यांच्या गर्दीत पॅपिलरी कार्सिनोमा या कर्करोगाचं न्यूक्लियस (पेशीकेंद्र) बघायचं राहून जातं. यादीत ठेवलं, पण ‘शंका आली तर उघडा’ या सदरात.

लीड्स विद्यापीठाचा व्हर्च्युअल स्लाइड संग्रह: पूर्ण स्लाइड्स, ब्राउझरमध्ये सरकवता येणाऱ्या. नेट असलेल्या दिवशी सरावाला सगळ्यात चांगला.

पाथप्रेझेंटर: खातं उघडावं लागतं, सार्वजनिक स्लाइड संग्रह मोठा. रोझाई संग्रह: डॉ. हुआन रोझाई यांनी जमवलेल्या सर्जिकल पॅथॉलॉजी सेमिनारच्या स्लाइड्स. एमडी करणाऱ्यांनी तो जरूर बघावा, आपल्या संचाला मात्र तो पुढचा टप्पा झाला.

ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलस: नॉर्मल हिस्टॉलॉजीच्या (निरोगी ऊतींच्या रचनेच्या) उजळणीसाठी याचा शब्दकोश विभाग वापरावा. नॉर्मल विसरलेलं असतं हेच निम्म्या चुकांचं मूळ आहे. मूत्रपिंडातला ग्लोमेरुलस (रक्त गाळणारा गुच्छ) किती मोठा असतो हे डोळ्यांत नसेल तर तो आकसलाय हे कळणार कसं?

जुन्या विद्यापीठ-पानांपैकी बरीच आता उघडतात पण स्लाइड दिसत नाही. कारण त्यांचा व्ह्यूअर फ्लॅशवर होता आणि फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं. अशी पानं यादीतून काढली. दुव्यांची यादी दर सहा महिन्यांनी एकेक उघडून तपासायची, हे कामाच्या वहीत घातलं.

७ जून

परवान्यांची चाळणी. ‘मोफत’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

वेबपाथ, पॅथॉलॉजी आउटलाइन्स, लीड्स: बघायला मोफत, हक्क त्यांचे. पेनड्राइव्हवर नाही, फक्त दुवा. स्क्रीनशॉट काढून संचात टाकणं हेही कॉपी करणंच आहे.

लिब्रेपॅथॉलॉजी आणि विकिमीडिया कॉमन्सवरची बरीच चित्रं: क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा. घेता येतात. पण चित्रावर बाण काढले तर तेही त्याच परवान्याखाली द्यावे लागतात.

स्टॅटपर्ल्स, एनसीबीआय बुकशेल्फवरचं: श्रेय द्या, व्यापार नको, बदल नको. म्हणजे प्रकरण जसंच्या तसं छापून देता येईल, पण त्याचं मराठी भाषांतर करून वाटता येणार नाही. मराठी टिपणं आपली आपणच लिहायची.

अमेरिकेच्या सीडीसीचं डीपीडीएक्स: परजीवींची चित्रं, बहुतेक सार्वजनिक मालकीची. चित्राखालचं श्रेय मात्र प्रत्येक वेळी वाचायचं, काही दुसऱ्या संस्थांकडून आलेली असतात.

प्रत्येक फाइलमागे चार रकान्यांची नोंद: स्रोत, मूळ क्रमांक, परवाना, उतरवल्याची तारीख. हा तक्ता पहिल्या दिवसापासून भरायचा. नंतर भरू म्हटलं की कोणतं चित्र कुठून आलं हे शोधताच येत नाही.

१० जून

संपूर्ण स्लाइड्स मोफत आणि उतरवून घेता येतील असे तीन मोठे साठे वापरायचं ठरलं.

एक, टीसीजीए. अमेरिकन कर्करोग जीनोम प्रकल्प, ३३ प्रकारचे कर्करोग, स्लाइड्स त्याच्या माहितीसाठ्याच्या, म्हणजे जीडीसीच्या, पोर्टलवर खुल्या. घेतलेले: पॅपिलरी थायरॉइड, क्लिअर सेल किडनी, स्क्वेमस फुफ्फुस, कोलन, जठर, स्तन, यकृत, गर्भाशयमुख, सेमिनोमा, मेलानोमा, ब्लॅडर, ग्लायोब्लास्टोमा.

दोन, जीटेक्स. नॉर्मल टिश्यूसाठी केलेला प्रकल्प, मृत्यूनंतर दान केलेल्या अवयवांचा. पण माणसं वेगवेगळ्या वयांत आणि वेगवेगळ्या आजारांनी गेलेली असल्याने त्यात अथेरोस्क्लेरोसिस, यकृतातली चरबी, सिऱ्होसिस, नेफ्रोस्क्लेरोसिस, हाशिमोटो, एम्फिसिमा, कंजेशन सगळं सापडतं, आणि प्रत्येक स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टचा एका ओळीचा शेराही आहे. शेऱ्यातल्या शब्दाने शोध घेता येतो. नॉन-निओप्लास्टिक (गाठ नसलेल्या आजारांच्या) स्लाइड्सचा इतका मोठा मोफत साठा असूनही अध्यापकांमध्ये त्याची फारशी चर्चा नाही, हे खरोखर नवल आहे.

तीन, कॅमेलियन १६. नेदरलँड्समधल्या दोन रुग्णालयांतल्या सेंटिनेल लिम्फ नोडच्या (पसरणारा कर्करोग आधी गाठतो त्या लसिका ग्रंथीच्या) ३९९ स्लाइड्स. मेटास्टॅसिस (पसरलेला कर्करोग) कुठे आहे याच्या सीमारेषा सोबत आखून दिलेल्या. सबकॅप्स्युलर सायनसमध्ये (नोडच्या आवरणाखालच्या पोकळीत) गाठीची पहिली बेटं कशी दिसतात हे शिकवायला याहून चांगलं काही नाही.

जीडीसीवर घेताना घ्यायची काळजी: ‘स्लाइड इमेज’ गाळणी लावली की दोन जातींच्या स्लाइड्स एकत्र येतात, ‘डायग्नॉस्टिक’ आणि ‘टिश्यू’. टिश्यू म्हणजे फ्रोझन सेक्शन, ऊती गोठवून घेतलेला काप. त्यात बर्फाच्या स्फटिकांनी पेशींमध्ये भोकं पडलेली असतात, न्यूक्लियस फुगलेलं, कडा फाटलेल्या. पॅपिलरी कार्सिनोमाचं काचेसारखं मोकळं न्यूक्लियस फ्रोझनमध्ये विश्वासाने दाखवताच येत नाही. फाइलच्या नावात ‘डीएक्स’ असेल तीच घ्यायची, ‘टीएस’ किंवा ‘बीएस’ असेल ती सोडायची.

उतरवायला ब्राउझर वापरू नये. टोपलीत फाइली टाकून मॅनिफेस्ट, म्हणजे त्यांची यादी, काढायचा आणि जीडीसीच्या स्वतःच्या डाउनलोड साधनाला द्यायचा. नेट तुटलं तर ते राहिलं तिथून पुढे सुरू होतं आणि शेवटी एमडी ५ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का याची खूण) जुळवून बघतं. ब्राउझरने फाइल अर्धवट उतरली तरी बेरीज जुळवल्याशिवाय ते खात्रीने कळत नाही.

१२ जून

उतरवलेल्या स्लाइड्स क्यूपाथ या स्लाइड बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकेक तपासल्या. नाकारण्याची कारणं:

शाईचे ठिपके. टीसीजीएच्या बऱ्याच स्लाइड्सवर कुणीतरी निळ्या-हिरव्या पेनने गाठीभोवती गोल काढलेला आहे. विद्यार्थ्याला उत्तर आयतं मिळतं. अशा स्लाइड्स सरावाला ठीक, परीक्षेच्या संचात नाहीत.

ऑटोलिसिस, म्हणजे मृत्यूनंतर ऊती आपोआप विरघळणं. जीटेक्समधल्या स्वादुपिंड आणि आतड्यांच्या कित्येक स्लाइड्समध्ये म्युकोसा (आतलं अस्तर) झडून गेलेली आहे. मृत्यूनंतर नमुना घेईपर्यंत वेळ गेलेला असतो आणि एन्झाइम असलेले अवयव आधी विरघळतात. नवख्याला हे नेक्रोसिस, म्हणजे जिवंतपणी मेलेल्या पेशी, वाटतं. एक स्लाइड मुद्दाम ठेवली, कारण फरक शिकवण्यासारखा आहे: ऑटोलिसिसमध्ये पेशी सगळीकडे सारख्याच फिकट होतात आणि आजूबाजूला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची प्रतिक्रिया नसते.

रंग. जीटेक्सचं फिक्सेटिव्ह (ऊती टिकवणारं द्रावण) पॅक्सजीन आहे, फॉर्मॅलिन नाही. छटा आपल्या स्लाइड्सपेक्षा थोडी वेगळी येते. संचाच्या पहिल्या पानावर तसं लिहिलं, नाहीतर मुलं रंगावरून ओळखायला लागतात आणि प्रयोगशाळेतल्या स्लाइडसमोर गोंधळतात.

फोकस. टिश्यूला घडी पडली असेल तिथे स्कॅनर घडीवर फोकस करतो आणि शेजारचा भाग पुसट येतो. लो पॉवरवर लक्षात येत नाही, ४० एक्सवर (४० पटीच्या भिंगाएवढ्या झूमवर) जाऊन चारही कोपरे बघावेच लागतात.

१६ जून

आजचा दिवस फायलींच्या संख्येने खाल्ला. हिशेब आधी करायला हवा होता, म्हणून इथे सविस्तर.

४० एक्सवर स्कॅन केलेल्या स्लाइडचा एक पिक्सेल सुमारे ०.२५ मायक्रॉनचा. २० बाय १५ मिमीचा टिश्यू म्हणजे ८०,००० बाय ६०,००० पिक्सेल, ४८० कोटी. कॉम्प्रेस न करता १४ जीबीहून जास्त, जेपेगने दाबल्यावर सुमारे एक जीबी. ब्राउझरला एवढं चित्र एकदम देता येत नाही, म्हणून त्याचे चौकोनी तुकडे करून वेगवेगळ्या झूमचे थर बनवतात. लिबव्हिप्स या मोफत साधनाच्या डीझेडसेव्ह आज्ञेने हे होतं. एसव्हीएस, एनडीपीआय, एमआरएक्सएस हे स्कॅनरवाल्यांचे प्रकार ओपनस्लाइड या दुसऱ्या साधनाच्या मदतीने ते थेट वाचतं.

नेहमीचे २५६ पिक्सेलचे तुकडे ठेवले. सर्वांत वरच्या थरात ३१५ गुणिले २३७, म्हणजे सुमारे ७५,००० तुकडे. खालचे थर धरून जवळपास एक लाख फायली, एका स्लाइडच्या! ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी करताना एक जीबीची स्लाइड १३ जीबी जागा खाऊ लागली. कारण एक्सफॅट, पेनड्राइव्हची फायली साठवायची पद्धत. ३२ जीबीहून मोठ्या पेनड्राइव्हवर विंडोज तिचा क्लस्टर (जागेचा सर्वांत लहान कप्पा) आपोआप १२८ केबीचा ठेवतं, आणि १० केबीची फाइलसुद्धा एक पूर्ण क्लस्टर अडवते. पेनड्राइव्ह पाचव्या स्लाइडलाच भरणार.

१८ जून

उपाय दोन, दोन्ही एकदम केले.

तुकडा १०२४ पिक्सेलचा केला, म्हणजे आकार १०२२ आणि ओव्हरलॅप (कडेला येणारा शेजारच्या तुकड्याचा भाग) १. आणि ४० एक्सऐवजी २० एक्सवर थांबलो, म्हणजे पिक्सेल ०.५ मायक्रॉनचा. तीच स्लाइड आता ४०,००० बाय ३०,०००, वरच्या थरात १,२०० तुकडे, सगळे मिळून सुमारे १,६००. जेपेगची गुणवत्ता ८० ठेवली. एका स्लाइडला अडीचशे एमबीच्या आसपास, ४० स्लाइड्सना १० जीबी. ३२ जीबीचा साधा पेनड्राइव्ह पुरतो.

एसव्हीएसच्या आत बहुधा २० एक्सचा थर नसतोच, ४० नंतर थेट १० येतो. म्हणून मूळ थर वाचून निम्मा करावा लागतो. आधीच पूर्ण तुकडे करून बसला असाल तर पुन्हा करायची गरज नाही: सर्वांत मोठ्या क्रमांकाचं फोल्डर पुसायचं आणि वर्णन-फाइलमधली (तुकड्यांसोबत तयार होणाऱ्या माहितीच्या फाइलमधली) रुंदी व उंची निम्मी लिहायची. विषम आकडा असेल तर वरच्या पूर्णांकाला न्यायचा. खाली नेला तर उजव्या कडेचा एक पट्टा दिसत नाही.

एमआरएक्सएस फाइलबाबत: तिच्याबरोबर त्याच नावाचं फोल्डर असतं, खरा मजकूर त्यातच. फक्त फाइल कॉपी केली तर हाती काहीच येत नाही. शिवाय स्कॅन न झालेला भाग पारदर्शक असतो, जेपेग करताना तो काळा होतो. पार्श्वभूमी २५५, म्हणजे पांढरी, असं आज्ञेत स्पष्ट सांगायचं.

सगळ्या स्लाइड्सना २० एक्स पुरतं का? मेलानोमाचे न्यूक्लिओलाय, सेमिनोमातली पेशी, कोलनच्या ग्रंथी यांना पुरतं. मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) मोजायला पुरत नाही. स्तन आणि ग्लायोब्लास्टोमा पूर्ण ४० एक्सवर ठेवले. त्या दोनच जड आहेत.

१९ जून

स्लाइड बघायला ओपनसीड्रॅगन हा मोफत व्ह्यूअर. ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावं लागत नाही. क्यूपाथ अधिक ताकदवान आहे पण ४ जीबी रॅमवर गुदमरतं, ते फक्त तयारीच्या संगणकावर.

पहिल्या चाचणीत पान उघडलं, स्लाइड आली नाही. फाइल डिस्कवरून थेट उघडली की क्रोम दुसरी फाइल वाचू देत नाही, त्यामुळे वर्णन-फाइल वाचली जात नाही. छोटा स्थानिक सर्व्हर चालवून हे सुटतं, पण प्रत्येक संगणकावर पायथन असेलच असं नाही. सोपा मार्ग: वर्णन-फाइलमधल्या चार गोष्टी, म्हणजे रुंदी, उंची, तुकड्याचा आकार आणि ओव्हरलॅप, पानाच्या कोडमध्येच लिहून टाकायच्या. तुकडे साधी चित्रं म्हणून येतात, त्यांना अडवलं जात नाही. ओपनसीड्रॅगनच्या ५ व्या आवृत्तीपासून वेबजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणं) आपोआप निवडलं जातं. आपल्या जुन्या संगणकांसाठी ‘कॅनव्हास’ ही साधी पद्धत ठरवून दिली.

२३ जून

इथपर्यंत ३१ स्लाइड्स झाल्या आणि संचातली मोठी पोकळी समोर आली. सगळे मोफत साठे अमेरिका-युरोपातले. कुष्ठरोग नाही, क्षयाची लिम्फ नोड नाही, ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नाही, मायसेटोमा नाही, अमीबिक अल्सर नाही. परीक्षेत आणि पुढे ओपीडीत मात्र मुलांसमोर नेमकं हेच येणार आहे. अशा संचावर शिकलेल्या मुलाला क्लिअर सेल कार्सिनोमा ओळखू येईल आणि लेप्रोमॅटस कुष्ठाची बायोप्सी अनोळखी वाटेल. हे चालणार नाही.

उरलेल्या नऊ जागा विभागातल्या अध्यापन-स्लाइड्सना दिल्या. स्कॅनर नाही, तेव्हा मोबाइल आणि मायक्रोस्कोपवरच भागवायचं.

रुग्णाची ओळख: लेबल झाकून मगच स्लाइड स्टेजवर. बाहेरून कुणी स्कॅन करून दिली तर लक्षात ठेवायचं की स्कॅनरच्या फाइलमध्ये टिश्यूशिवाय लेबलचा आणि अख्ख्या काचेचाही फोटो आत लपलेला असतो, त्यावर नाव किंवा नोंदणी क्रमांक असू शकतो. फाइलचं नाव बदलून तो जात नाही. तुकडे केल्यावर हे फोटो मागे राहतात, म्हणून बाहेर द्यायचे ते फक्त तुकडे, मूळ फाइल कधीच नाही. संस्थेची लेखी परवानगी घेऊन फाइलीला लावली.

२६ जून

जोडकाम, म्हणजे मोबाइलचे फोटो जोडून एक चित्र. कुष्ठरोगाची त्वचा, ८ बाय ५ मिमी.

१० एक्स ऑब्जेक्टिव्ह, आयपीसचा फील्ड नंबर (याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये मिळतो) १८, म्हणजे फील्डचा व्यास १.८ मिमी. त्यात बसणारा ४:३ चौकोन १.४४ बाय १.०८ मिमी. स्टेजच्या व्हर्नियरवर आडवं १.० मिमी आणि उभं ०.८ मिमी सरकत गेलं की शेजारच्या फोटोंचा २५ ते ३० टक्के भाग एकावर एक येतो. आठ जागा आडव्या, सहा उभ्या: ४८ फोटो. कापलेल्या फोटोची रुंदी २,४०० पिक्सेल धरली तर पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा. ०.२५ एनएच्या (भिंग किती बारकावा दाखवतं याचा आकडा) ऑब्जेक्टिव्हला याहून बारीक पिक्सेल देऊन फायदा नाही, भिंगच तेवढं वेगळं करत नाही.

फिजी या चित्र-सॉफ्टवेअरच्या जोडणी प्लगइनमध्ये ‘ग्रिड, स्नेक बाय रोज’ (रांग सापासारखी जाऊन परत येणारी) निवडलं, ओव्हरलॅप ३०. पहिला प्रयत्न पूर्ण विस्कटला. स्टेज उजवीकडे नेली की आयपीसमध्ये चित्र डावीकडे जातं, त्यामुळे आपण लिहिलेला क्रम उलटा होता. रांगेची दिशा चित्राप्रमाणे ठरवायची, हाताप्रमाणे नाही.

३० जून

जोडलेल्या चित्रात बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. कारण मोबाइल दर फोटोला उजेड आणि रंग स्वतः ठरवतो: चरबी जास्त दिसली की अंधार करतो, पेशी दाट दिसल्या की उजळतो. प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही बांधून टाकले. व्हाइट बॅलन्स रिकाम्या काचेवर ठरवायचा, टिश्यूवर नाही. टिश्यूवर ठरवला तर कॅमेरा इओसिनचा गुलाबी रंगच ‘दुरुस्त’ करून टाकतो.

चौकोन गेले, पण प्रत्येक फोटोच्या कडा काळवंडलेल्या राहिल्या. यावर उपाय म्हणजे रिकाम्या जागेचा एक फोटो काढून प्रत्येक फोटोला त्याने भागणं. फिजीमध्ये आधी लाल-हिरवा-निळा वेगळे करायचे, ३२ बिटमध्ये भागाकार, मग रिकाम्या फोटोच्या सरासरीने गुणून पुन्हा जोडायचं. रिकामा फोटो थोडा आउट ऑफ फोकस घ्यायचा, नाहीतर काचेवरचा धुळीचा एक कण ४८ ठिकाणी उमटतो. कंडेन्सरची (स्टेजखालच्या उजेड गोळा करणाऱ्या भिंगाची) उंची एकदा ठरल्यावर हलवायची नाही. हलवली तर रिकामा फोटोही पुन्हा.

आज पूर्ण झालेलं चित्र सुमारे १४,००० बाय ८,५०० पिक्सेल. एपिडर्मिसखालचा मोकळा ग्रेन्झ झोन आणि त्याखाली फेसाळ पेशींची चादर लो पॉवरवरच स्वच्छ दिसते. लेप्रोमॅटस कुष्ठ या उंचीवरूनच ओळखायचं असतं.

३ जुलै

बॅसिलाय (काडीसारखे जिवाणू) आणि मलेरिया. इथे पूर्ण स्लाइडचा हट्ट सोडला, आणि का सोडला ते कळायला हवं.

कुष्ठाचा बॅसिलस ०.२ ते ०.५ मायक्रॉन जाड. ४० एक्स स्कॅनमध्ये तो एक-दोन पिक्सेलचा होतो. शिवाय सेक्शन ४-५ मायक्रॉन जाड आणि ऑब्जेक्टिव्हची खोली जेमतेम एक मायक्रॉन. स्कॅनर एकाच पातळीवर फोकस करतो, बाकीचे बॅसिलाय वर-खाली राहतात. मायक्रोस्कोपवर आपण फाइन फोकस हलवत राहतो, सपाट चित्रात ती सोय नाही. म्हणून १०० एक्स ऑइल इमर्शनचे प्रत्येकी सहा फोटो, एकाच फील्डचे, फाइन नॉबचा थोडा-थोडा टप्पा सोडून. ओळीने दाखवले की फोकस हलवल्यासारखं दिसतं.

स्टेनिंगची टीपही जोडली: सेक्शनवर कुष्ठाला फाइट-फॅराको हा स्टेन लागतो. कुष्ठाचा बॅसिलस क्षयाच्या बॅसिलसपेक्षा आम्ल कमी सहन करतो, नेहमीच्या झील-नीलसन स्टेनमध्ये रंग धुऊन जातो. फाइटमध्ये मेण काढताना झायलीनमध्ये शेंगदाणा तेल मिसळतात, आणि रंग घालवायला ५ ते १० टक्के सल्फ्युरिक आम्ल. शेवटी अल्कोहोलमधून न नेता टिपकागदाने सुकवून माउंट. निगेटिव्ह आलेल्या स्लाइड्समध्ये बरेचदा दोष याच पायऱ्यांचा असतो.

मलेरियासाठी डीपीडीएक्सची स्थिर चित्रं. थिन स्मिअरमध्ये (रक्ताच्या पातळ थरात) लाल पेशी ७-८ मायक्रॉन. व्हायवॅक्स मलेरियात परजीवी असलेली पेशी मोठी झालेली, फाल्सिपेरम मलेरियात तेवढीच. ही तुलना शेजारच्या निरोगी पेशीशी करायची, म्हणून एकटी पेशी कापून दाखवणारी चित्रं नाकारली.

८ जुलै

मोजपट्टी. जोडलेल्या चित्रांना पिक्सेलचा आकार ठाऊक नसतो, क्यूपाथ मोजपट्टी दाखवतच नाही. स्टेज मायक्रोमीटरचा, १ मिमीचे १०० भाग असलेला, फोटो त्याच बांधलेल्या सेटिंगवर काढला आणि आकडा हाताने भरला. झूम एकदा बदलला की हा आकडा खोटा, म्हणून झूम नेहमी १ पटच ठेवायचा.

‘हाय पॉवर फील्ड’ (४० एक्सवर एका वेळी दिसणारं वर्तुळ) या शब्दावर स्वतंत्र पान केलं. ४० एक्सवर फील्ड नंबर १८ असेल तर व्यास ०.४५ मिमी, १० फील्ड म्हणजे १.५९ चौरस मिमी. फील्ड नंबर २२ असेल तर व्यास ०.५५ आणि १० फील्ड म्हणजे २.३८ चौरस मिमी. एकच गाठ, दोन मायक्रोस्कोप, मायटोसिसची संख्या दीडपट वेगळी. डिजिटल स्लाइडवर फील्ड नसतंच, म्हणून क्यूपाथमध्ये १,००० बाय १,००० मायक्रॉनचा चौकोन काढून दर चौरस मिमी मोजायचं.

१२ जुलै

उजळणीची कार्डं, अँकी या सॉफ्टवेअरमध्ये. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत, चित्राचा भाग झाकायची सोय २३.१० आवृत्तीपासून आतच.

एका आजाराचं एकच चित्र ठेवलं की मुलं आजार ओळखत नाहीत, चित्र ओळखतात: डाव्या कोपऱ्यात घडी आहे म्हणजे क्षय. म्हणून प्रत्येकाची किमान चार चित्रं, दोन लो पॉवर, दोन हाय पॉवर, वेगवेगळ्या स्लाइड्सवरची. आणि कार्ड जोडीनेच. जोड्या अशा:

क्षय आणि सार्कॉइड: केसिएशन (चीजसारखा मेलेला भाग) आहे का, आणि ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके) एकमेकांत मिसळतात की सुटे राहतात.

ट्यूबरक्युलॉइड कुष्ठ आणि ल्युपस व्हल्गॅरिस (त्वचेचा क्षय): ग्रॅन्युलोमा नसेला धरून चाललाय का, नस खाल्ली गेली आहे का.

ऱ्हायनोस्पोरिडियम आणि कॉक्सिडिऑइडिस: इथे आकार बोलतो. ऱ्हायनोस्पोरिडियमचं पिकलेलं स्पोरँजियम (बीजाणूंची पिशवी) बरेचदा १०० ते ३५० मायक्रॉन, कॉक्सिडिऑइडिसचं स्फेरुल बहुधा २० ते ८०. मोजपट्टी नसलेलं चित्र या जोडीत निरुपयोगी आहे.

दोन मायसेटोमा (त्वचेखालच्या, आत दाणे असलेल्या संसर्गाच्या गाठी): दाण्यातले तंतू एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक म्हणजे जिवाणूंचा अ‍ॅक्टिनोमायसेटोमा, दोन ते पाच मायक्रॉन जाड म्हणजे बुरशी. उपचार पूर्ण वेगळे, म्हणून या जोडीला सर्वाधिक कार्डं.

अमीबा आणि मॅक्रोफेज: अमीबाचं न्यूक्लियस शरीराच्या मानाने लहान, गोल, मध्ये बारीक ठिपका. पोटात लाल पेशी असतील तर अमीबाचा संशय वाढतो. पीएएस स्टेन दोघांतही चढू शकतो, त्यावर एकट्यावर विसंबायचं नाही.

१७ जुलै

चाचणीत एक गोष्ट सगळ्यांकडून झाली. स्लाइड उघडताच थेट कमाल झूम. अवयव कोणता हे न बघताच पेशी बघायच्या. ओपनसीड्रॅगनमध्ये कमाल झूम मर्यादित करता येतो, तेव्हा पहिली दोन मिनिटं ४ एक्सएवढ्यावरच अडवून ठेवलं. पानावर तीन प्रश्न: अवयव कोणता, नॉर्मल भाग कुठे उरलाय, बिघाड कुठे सुरू होतो. उत्तरं लिहिली की झूम उघडतो. संचातला हा बदल सर्वांत लहान आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा.

बाणही काढून टाकले. बाण ‘उत्तर दाखवा’ दाबल्यावरच दिसतात.

२१ जुलै

स्थिती: ३१ स्लाइड्स खुल्या साठ्यांतल्या, ७ जोडकामाच्या, एकूण ३८. दुव्यांची यादी वेगळी, तक्ता पूर्ण भरलेला.

बाकी: हायडॅटिड सिस्टची स्लाइड फार जाड कापलेली आहे, लॅमिनेटेड थर एका फोकसमध्ये येत नाही. ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या मूळ तुकड्यातून) ४ मायक्रॉनचा नवा सेक्शन घ्यायचा. मायसेटोमाचा दाणा कापताना निखळून पडतोय, कडक दाणा ब्लेडला अडकतो. ब्लॉक तासून झाल्यावर पृष्ठभागावर ओला बर्फ ठेवून मेण आणि दाणा दोन्ही गार व ओलसर करायचे, मग संथ हाताने कापायचं आणि चिकट लेप दिलेल्या स्लाइडवर उचलायचं. दोन्ही ब्लॉक उद्या हिस्टोपॅथ टेक्निशियनकडे द्यायचे आहेत.